तांबडी रेघ

सेलूच्या तहसीलीसमोर माझं दुकान, दहा बाय आठ.
एक प्रिंटर, तो थंडीत रुसतो.
दिवसभर मी माणसांचं म्हणणं
सरकारला कळेल अशा मराठीत टाइप करते.

वालूरहून एक कासार म्हातारा आला.
म्हणाला, लिव्ह बाई,
मपलं नाव यादीतून कामून काढलं?
मी तसंच लिहिलं.
दोन शब्दांखाली तांबडी रेघ वळवळली,
खाडे गुरुजी वहीत ओढायचे तशी.

मी पुसलं. माझं. का. असं केलं.
वाचून दाखवलं तर म्हातारा म्हणतो,
हे मी कुठं म्हणलो?

रात्री लाइट गेल्यावर मोबाइलवर शोधत बसले,
ही रेघ ओढतं कोण.
वाटलं होतं, काचेच्या इमारतीतली कंपनी असेल.
निघाली एक यादी, शब्दाखाली शब्द,
वर लिहिलेलं: कुणीही न्या, कुणीही भर घाला.
आमच्याकडं फुकट म्हणलं की माणूस
आधी पिशवी उलटी करून बघतो.
मीही बघितली. भोक नव्हतं.

मपलं पाठवलं.
उत्तर आलं एका शब्दाचं: पुरावा?
खाली नाव, इरफान पटवेकर.
माझ्या तोंडातल्या शब्दाला पुरावा! दोन दिवस धुसफुसले.
मग त्यांचंच अजून एक वाक्य आलं:
मला ठाऊक आहे, पण यादीला ठाऊक नाही.
कोण म्हणतं, कोणत्या गावात, तेवढं लिहा.

मग आठवडी बाजारात मोबाइल चालू ठेवून हिंडले.
सोनुबाई मिरचीवाली: तुपला तराजू तुपल्यापाशी ठेव.
जिनिंगचा हमाल: आवंदा गाठीच नाहीत.
आणि सासूबाई, नणंदेशी फोनवर,
एका दमात अकरा पुरावे.
त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एकदा माझ्या एका स्वल्पविरामानं सगळी यादी मोडली.
घाम फुटला. वाटलं, आता काढतील.
ब्रनोच्या कुणा व्हेरोनिकानं तो शोधून काढला,
जिला मराठीचं एक अक्षर येत नाही.
कळवलं, मी तर दोनदा मोडली होती.

शब्द आत घेतात त्याला ते मर्ज म्हणतात.
पटवेकर म्हणाले, मर्ज तर दवाखान्यात असतो, विलीन करू.
मी म्हणलं, विलीन संस्थानं होतात.
आपण कालवतो. वरणात भाकरी कालवतो तसं.
तीन दिवस भांडलो.
सध्या ‘मिसळा’ आहे. भांडण मिटलेलं नाही.

हिवाळ्यात परभणीला भेटलो, एका क्लासच्या खोलीत,
सगळे मिळून पाच. फळ्यावर कुणाचं तरी त्रिकोणमितीचं गणित.
पटवेकर मानवतचे, लाइनमन होते,
उजवा अंगठा अर्धा जळालेला.
तो घेऊन त्यांनी नऊ हजार शब्द तपासलेत.
हातात केळ्यांची पिशवी. मी दारात, तोच:
कामून उशीर?
सगळे हसले.
पुण्यात होस्टेलला याच शब्दावर हसल्या होत्या पोरी,
मी तो सहा महिने गिळून ठेवला होता.
हेही हसणंच,
पण ह्यात माझाही आवाज होता.

फाल्गुनात नवी आवृत्ती आली.
दुकान उघडून आधी तेच टाइप केलं.
मपलं.
खाली काहीच नाही. पांढरं.
धूळ असेल म्हणून स्क्रीन पुसली,
पुन्हा बघितलं.

म्हातारा परत आला नाही.
त्याचा अर्ज तो म्हणला तसा टाइप करून ठेवलाय,
साहेब घेतील, न घेतील.
फक्त वालूरखाली अजून रेघ आहे.
आज रात्री पाठवते.
पटवेकर विचारतील, पुरावा?
म्हणीन, चला, एसटीनं अर्धा तास.